बारा पानांची चार पानं

९ फेब्रुवारी, सोमवार

नीलेशने सांगितलंय, जिथे जिथे अडाल तिथे तिथे लिहून ठेवा. म्हणून ही वही काढली. अडण्याचंच लिहायचं तर एक वही कशी पुरणार, असं मी त्याला तोंडावर विचारलं, तर हसला. हसायला काय जातंय त्याचं.

झालं असं. नीलेश ज्या संस्थेत काम करतो ती मार्चअखेर बंद होतेय. आठ वर्षं तो वनहक्काच्या दाव्यांचे अर्ज माझ्याकडून टाईप करून नेतोय. धुळ्यात कलेक्टर ऑफिससमोर टायपिंग-झेरॉक्सची दुकानं ढिगाने आहेत, पण कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते समजेल असं सांगावं तर कामिनीताईनेच. हे मी नाही म्हणत, लोक म्हणतात. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज कसा भरायचा ते मी पुठ्ठ्यावर लिहून दुकानाबाहेर टांगलंय. शेजारच्यांची गिऱ्हाइकंसुद्धा ते वाचून जातात.

तर शिरपूरच्या वर, सातपुड्यात, उंबरपाडा म्हणून पावरा लोकांची वस्ती आहे. एक्केचाळीस घरं. कसतात ती जमीन कागदावर जंगलाची. दोन हजार पाचच्या आधीपासून कसतो असं सिद्ध केलं तर नावावर होते. संस्थेने प्रत्येक घराचे पुरावे गोळा केलेत. बांधांचे फोटो, नकाशे, जंगलखात्याने पूर्वी केलेल्या दंडाच्या पावत्या, म्हाताऱ्या माणसांची बोलणी रेकॉर्ड केलेली. हे सगळं नेटवर कुठल्या तरी भाड्याच्या जागेत पडलंय आणि एकतीस मार्चला ती जागा खाली करायचीय. सोळा एप्रिलला शिरपूरला प्रांतसाहेबांपुढे सुनावणी. तोवर हे पुरावे हातात राहिले पाहिजेत, नाहीतर एक्केचाळीस घरं उघड्यावर.

म्हणून नीलेशला पाड्यावरच एक मशीन बसवायचंय. सगळं त्यात, आणि ज्याला हवं त्याने आपल्या मोबाईलवर बघावं. पाड्यावर नेट नसलं तरी चालतं म्हणे. त्या मशीनला तो सर्व्हर म्हणतो. आता माझ्या दुकानात सर्व्हर म्हणजे जो डाउन असतो तो. दिवसातून दहा जणांना मी हेच सांगून परत पाठवते. तो घरात कोण आणून ठेवतं?

मशीन कसं लावायचं, कसं सांभाळायचं, याची नीलेशने बारा पानं लिहिलीत. पाड्यावरची जमना बारावी शिकलीय, ती सांभाळणार आहे. पण तिला त्याची पानं समजेनात. ताई, तुम्ही सोपी करून द्या, नवीन माणसाला समजेल अशी, म्हणाला. मी पहिलं पान वाचलं. अक्षरं मराठीच आहेत.

११ फेब्रुवारी, बुधवार

नीलेशने मशीन दुकानात आणून ठेवलं. जेवणाच्या डब्याएवढं आहे. त्याला पडदा जोडला तर सगळा काळा, त्यावर पांढरी अक्षरं. पासवर्ड मागतो. मी टाईप करते, काही उमटतच नाही. नऊ वेळा केलं. कीबोर्ड बिघडला म्हणून समोरच्या नवलला बोलावलं, तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याने कीबोर्ड उलटा करून झटकला, आतून शेवेचे कण निघाले, ती नामुष्की वेगळीच. दुपारी नीलेशला फोन केला तर म्हणतो, ताई, पासवर्डची अक्षरं दिसतच नाहीत, सुरक्षेसाठी असतं ते.

मग तसं लिहायला शाई संपली होती का? 

मी माझ्या पानावर लिहिलं: अक्षरं दिसणार नाहीत. मशीन बिघडलेलं नाही. देवाचं नाव घ्या आणि टाईप करा.

घरी आमच्या ह्यांनी विचारलं काय चाललंय. प्रेमराज एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यापासून त्यांना सगळ्यात लक्ष घालायला वेळ आहे. मी अर्धा तास समजावलं. शांतपणे ऐकून म्हणाले, "तुले तरी समजनं का?"

नाही समजलं. पण ते त्यांना सांगायची गरज नव्हती.

१४ फेब्रुवारी, शनिवार

जमना आली. दोन जीप आणि एक एसटी बदलून. वीस-एकवीसची असेल, बोलते कमी. माझी पहिली दोन पानं तिच्या हातात दिली आणि म्हटलं, मी तोंड उघडणार नाही, तू वाचून कर. तिने केलं. एकेक ओळ बोट ठेवून. मी लिहिलं होतं की मशीनला नाव द्या, उदाहरणार्थ 'तुमचेगाव'. तिने इंग्रजी अक्षरांत तेच टाईप केलं. आता त्या मशीनचं नाव तुमचेगाव. बदलता येतं म्हणे, पण ते नवव्या पानावर आहे आणि नववं पान मला अजून उलगडलेलं नाही.

चूक तिची नव्हती. उदाहरणार्थ म्हणजे काय करायचं, ते मी कुठे लिहिलं होतं? तरी मनात आलंच, की पोरगी जरा मठ्ठ आहे. 

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज नीलेशला स्पष्ट विचारलं. एवढा आटापिटा कशाला? एका पेन ड्राईव्हमध्ये भरा, द्या जमनाच्या हातात, झालं. तो म्हणाला ते करून झालंय. दोन वर्षांपूर्वी पाड्यावरच्या गोपालकडे पेन ड्राईव्ह ठेवला होता. त्याच्या घरी लग्न निघालं, त्याने तो बाजारात मोबाईलच्या दुकानात नेला आणि त्यात नाचायची गाणी भरून आणली. दुकानदाराने जागा व्हावी म्हणून आधीचं सगळं पुसून टाकलं. लग्न चांगलं झालं म्हणे.

आणि एकाच्या हातात ठेवलं की तो एक जण मोठा होतो, बाकीचे त्याच्या दारात उभे राहतात, असंही म्हणाला. हे मला पटलं. आमच्या सोसायटीत टाकीच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे असते तो कसा वागतो ते मी बघतेच.

आवाज नीट चालतो का बघायला आज एक रेकॉर्डिंग लावलं. यादीत पहिलं होतं ते, झुलाल पावरा. आपल्या शेताच्या कडेने चालत चालत कुठल्या झाडापासून कुठल्या झाडापर्यंत आपली हद्द ते सांगतो. ऐकायला बरं वाटलं. नीलेश म्हणाला हे मागच्या भाद्रपदात वारले. तरी आवाज मोबाईलवर जातो का, दुसऱ्या मोबाईलवर जातो का, म्हणून अजून दोनदा लावलं. 

२६ फेब्रुवारी, गुरुवार

बारा पानांची चार पानं केली! 

पहिल्यात मशीन लावणं, दुसऱ्यात पासवर्ड, तिसऱ्यात आपल्या घराचा कप्पा उघडणं, चौथ्यात फोटो किंवा आवाज आपल्या मोबाईलमध्ये घेणं. बास. नीलेशच्या पानांत अर्धा वेळ असं झालं तर तसं करा आणि तसं झालं तर असं करा. अकरावं पान तर नुसती दुसरी प्रत, तिसरी प्रत, ती दुसऱ्या घरी ठेवा, दर आठवड्याला ताडून बघा. नवीन माणूस हे वाचून पळूनच जाईल. लग्नाच्या आमंत्रणात कोणी घटस्फोटाचे नियम छापतं का? काढून टाकलं. 

नीलेशने उभ्या उभ्या चाळलं. त्याची बंगळुरूची नोकरी पक्की झालीय, घराची बांधाबांध, वडिलांचं ऑपरेशन, कुठे कुठे पुरा पडणार. "ताई, ते अकरावं पान..." असं काहीतरी म्हणत होता, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नंतर म्हणाला, छान झालंय. 

जमना पुढचा आठवडा येणार नाही. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार आहे, त्यात कोणी पाड्यावर थांबत नाही.

१२ मार्च, गुरुवार

आज पहिल्यापासून शेवटपर्यंत जमनाने एकटीने केलं. एकदाही विचारलं नाही. सव्वा तासात मशीन सुरू, तिच्या मोबाईलवर त्यांच्या शेताचा फोटो आला. मी नवलला बोलावून दाखवलं, त्याच्याकडून चहा उकळला, शेवेचे कण वसूल केले. 

निघताना तिने विचारलं, ताई, हे बिघडलं तर काय करायचं ते कुठल्या पानावर आहे?

मी म्हटलं, अगं, आत्ता कुठे चालू झालंय, शुभ बोल.

तिने पानांची घडी घालून पिशवीत ठेवली. तिचं हे मला समजत नाही. आनंद झाला की नाही, चेहऱ्यावर काही दिसतच नाही.

२२ मार्च, रविवार

उंबरपाड्यावर जाऊन आले. मशीन जमनाच्या आजोबांच्या घरी बसवलं, खाज्याआबांच्या. पाड्याचे जाणते तेच. भिंत कुडाची, पण वायरिंग नीट आहे. अंगणात महूची, म्हणजे मोहाची, फुलं वाळत घातलेली, त्या वासाने डोकं जड झालं. सध्या सगळे पहाटेच महू वेचायला जातात, दुपारी येतात, म्हणून लोक जमायला बारा वाजले.

प्रत्येकाने मोबाईल पुढे केला. जमना एकेकाला चौथं पान शिकवत होती, त्यांच्या भाषेत. आपल्या शेताचा फोटो मोबाईलमध्ये आला की माणसं किती वेळ बघत राहतात! रोज बघतात तेच शेत. एकाने लगेच तो पडद्यावर लावून टाकला, मग सगळ्यांनी तेच केलं. मी भारी खूश झाले. ह्या वयात असं काही करू असं वाटलं नव्हतं.

दाराशी एक बाई टोपली घेऊन बराच वेळ उभी होती. मी आत या म्हटलं, तर मान हलवून गेली. जमना म्हणाली, झुलालकाकाची बेबाबाई. मला वाटलं, कामाची घाई असेल.

निघताना खाज्याआबांनी माझं चौथं पान पुढे केलं. शेवटची ओळ त्यांनी कोणाकडून तरी वाचून घेतली होती. काम झाल्यावर मशीन सुरक्षित ठिकाणी ठेवावे. ही ओळ मी माझ्या मनाने घातली होती, कुठलाही अर्ज नीट संपवावा म्हणून. ते म्हणाले, ठेवतो, काळजी करू नको. मी हात जोडले. 

३१ मार्च, मंगळवार

नेटवरची जागा आज बंद झाली. नीलेश परवाच गेला. जाताना माझ्यासाठी पेढे ठेवून गेला, दुकान बंद होतं म्हणून नवलकडे. नवलने निम्मे खाल्ले.

९ एप्रिल, गुरुवार

झालं ते क्रमाने लिहिते.

सकाळी जमनाचा फोन. महूचा हंगाम संपत आला, आता सुनावणीची तयारी करायची म्हणून सगळ्यांना बोलावलं होतं. मोबाईलवर 'तुमचेगाव' दिसत नाही. मी विचारलं, हिरवा दिवा लागलाय का? म्हणाली, दिवा दिसत नाही. लाल आहे का? दिसत नाही ताई. वायर नीट बसलीय का, हाताने दाबून बघ. वायर इथे आहे, म्हणाली. अगं, मशीनच्या बाजूची! पाच-सात मिनिटं आम्ही असंच बोलत होतो. मी वैतागून आवाज चढवला. मग मला एकदम सुचलं.

"जमना, मशीन कुठे आहे?"

"सुरक्षित ठिकाणी," ती म्हणाली.

"कुठे?"

"कणगीत. आबांनी ठेवलंय."

कणगीत. धान्याच्या कणगीत, ज्वारीच्या खाली. मी डोक्याला हातच लावला. त्यांच्या घरात जे जे मोलाचं असतं ते सगळं तिथे जातं, चांदीचे वाळे, दंडाच्या पावत्या, रेशनकार्ड. फडक्यात बांधायचं, वर धान्य, किडीसाठी राख आणि निंबाचा पाला, आणि वरून शेणाने लिंपून टाकायचं. पुरातही वाहत नाही, चोरालाही सापडत नाही. काम झालं तसं आबांनी मशीन काढलं, गुंडाळलं, ठेवलं. माझ्या पानावर लिहिलं होतं तस्संच. अक्षरशः तस्संच.

त्यांनी कणगी फोडून काढलं. जमना म्हणाली, फटीफटीत राख गेलीय, आणि फडकं दमट लागतंय. आबा म्हणतात आधी उन्हात ठेवू, दोन दिवस. मला सुनावणी दिसत होती. सात दिवस राहिलेत, कसलं ऊन! मी म्हटलं, झटक, पूस आणि लाव. ती म्हणाली, आबा म्हणतात... मी म्हटलं, लाव म्हटलं ना.

फोनमधून मला आवाज आला. चट् असा. मग ती म्हणाली, ताई, वास येतोय.

१० एप्रिल, शुक्रवार

जमना मशीन घेऊन आली. नवलने उघडलं. आतली ती चकती, जिच्यात सगळं असतं, तिचीच पट्टी जळालीय. पुण्याला पाठवून आतलं काढता येईलही, म्हणाला, पण महिना-दीड महिना, आणि खात्री नाही.

नीलेशला फोन लावला. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "ताई, दुसरी प्रत लावा ना. अकरावं पान."

मी म्हटलं, दुसरी प्रत केलीच नाही. मग त्याच्या लक्षात आलं.

म्हणाला, चूक माझी, मी वाचलं होतं ते चार पानांचं, मला वाटलं ते पान तुम्ही नंतर वेगळं देणार. मी म्हटलं, नाही रे, मी ते काढूनच टाकलं. अवघड होतं म्हणून. वाचणाऱ्याला अवघड जाऊ नये म्हणून. हे बोलताना मला रडू आलं आणि जमना समोर बसली होती, तिच्यासमोर आलं. तिने तेव्हाच विचारलं होतं. मी शुभ बोल म्हणाले होते.

आता मला कळत नाही, मी नक्की काय सोपं केलं? त्यांचं काम की माझं?

जमना रडली नाही. तिने वहीतलं एक पान फाडलं आणि घरांची नावं लिहायला लागली, एकाखाली एक. मी विचारलं हे काय? म्हणाली, चौथं पान सगळ्यांनी केलं होतं ना ताई. मोबाईलवर घेतलंय ना सगळ्यांनी.

१३ एप्रिल, सोमवार

तीन दिवस ती पोरगी घरोघरी, शेतोशेत, एका घरची लेक मोबाईल घेऊन सासरी गेली तर तिच्या गावापर्यंत फिरतेय. ज्याने ज्याने आपला कप्पा मोबाईलमध्ये उतरवला होता त्याच्याकडून घेतेय. काहींनी फोटो घेतले होते पण नकाशा नाही, तो भावाच्या मोबाईलवर सापडला. गोपाल, तोच पेन ड्राईव्हवाला, त्याने तर शेजारच्या चार घरांचंही उतरवून ठेवलं होतं, आवडलं म्हणून. मी इथे बसून येईल ते छापतेय. प्रेमराज दुकानात येऊन पानं लावून देतायत. एकदाही टोमणा मारला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटते.

ह्या खेपेला मी प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवतेय. एक नवलकडे, एक घरी, एक जमनाकडे. कोणी शिकवावं लागलं नाही.

१४ एप्रिल, मंगळवार

चाळीस घरं झाली.

एक्केचाळीसावं बेबाबाईचं. त्या घरात मोबाईलच नाही. झुलालचं बोलणं, त्यांचा नकाशा, काही म्हणजे काही कुठेच नाही. नीलेशच्या जुन्या लॅपटॉपवरही नाही, तो संस्थेने परत घेतला. जमनाने सगळ्या पाड्याला विचारलं. झुलालचं रेकॉर्डिंग बऱ्याच जणांनी मशीन बसवलं त्या दिवशी ऐकलं होतं, पण आपल्या मोबाईलमध्ये कोणी घेतलं नाही. दुसऱ्याचं कोण कशाला घेईल?

उद्या मी जाणार. माझी चूक आहे, मीच सांगेन. काय सांगणार ते माहीत नाही. सर्व्हर, चकती, प्रत, हे तिला कसं सांगायचं? सोपं करून सांगायची तर मला भारी हौस.

१५ एप्रिल, बुधवार

बेबाबाई अंगणात महू पोत्यात भरत होती. मी तिच्याशी अहिराणीतच बोलले, बाजारामुळे तिला येते. म्हटलं, झुलालदादाचं बोलणं आमच्याकडे होतं, माझ्यामुळे गेलं. ती भरत राहिली. पोतं भरलं, तोंड बांधलं, मग उठली आणि चल म्हणाली. 

खाज्याआबा, जमना आणि मी तिच्या मागून. तिने आम्हाला शेताच्या कडेने फिरवलं. महू, मग अंजनाचं वठलेलं झाड, मग चढावर टेंभुर्णी, तिथून नाल्यातला काळा खडक, परत महू. कुठल्या वर्षी कुठला तुकडा साफ केला, कुठल्या दंडाच्या वेळी कोण कोण हजर होतं, सगळं आबा सांगत गेले आणि मी लिहीत गेले. म्हाताऱ्या माणसाचा जबाब पुरावा म्हणून चालतो, फक्त तो दावेदाराचा स्वतःचा नको, हे मला माहीत होतं. असे जबाब मी आठ वर्षं टाईप केलेत. आबांनी अंगठा दिला. अंगठा पुसता पुसता म्हणाले, मशीन मीच ठेवलं होतं. मी म्हटलं, आबा, मी लिहिलं होतं म्हणून.

बेबाबाई माझ्यावर रागावली नाही. मला हेच समजेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला वाटलं, तिला कळलंच नसावं काय गेलं ते.

१६ एप्रिल, गुरुवार

सुनावणी झाली. चाळीस घरांचे पुरावे दाखल करून घेतले. बेबाबाईच्या वेळी साहेबांनी आबांचा जबाब वाचला, त्यांना तीन-चार प्रश्न विचारले आणि लिहिलं की मे महिन्यात जागेवर येऊन पाहणी करू. हो नाही, नाहीही नाही. जमना म्हणाली, येऊ देत, झाडं तिथेच आहेत. नीलेशला कळवलं.

शिरपूरच्या स्टँडवर आम्ही पाड्याच्या जीपची वाट बघत बसलो. बाकीचे रसाच्या गाडीवर गेले. बेबाबाई माझ्या शेजारी होती. समोर बघतच म्हणाली,

"माले ते कोनी ऐकाडंच नई, बाई."

मला आधी कळलं नाही, काय ऐकवलं नाही. मग कळलं. ते रेकॉर्डिंग झालं तेव्हा ती महू वेचायला गेली होती. झुलाल गेल्यावर सगळ्या पाड्याने ते ऐकलं, पण हिला त्रास होईल म्हणून कोणी तिच्यासमोर लावलं नाही. आणि तिच्याकडे मोबाईल नाही. त्या दिवशी दाराशी ती त्यासाठीच उभी होती. माझ्या पानांची पहिली ओळ आहे, आधी आपला मोबाईल हातात घ्या.

नवीन माणसाला समजेल असं लिहा, असं नीलेश म्हणाला होता. एवढे दिवस मी कोणाला नवीन माणूस समजत होते? 

"काय बोलना व्हता तो?" तिने विचारलं.

मी तीन वेळा ऐकलं होतं. आवाज नीट येतो का बघायला, चहा पिता पिता. जेवढं आठवत होतं तेवढं सांगितलं. तो महूपासून निघतो, म्हणतो हे झाड माझ्या बापाने राखलं. अंजनापाशी येतो, म्हणतो हे मी राखलं. मग चढ लागतो. मग म्हणतो, इथून पुढे बेबाने साफ केलं, माझा पाय मोडला होता त्या वर्षी. हे तुझं नाव घेतो बघ, मी म्हटलं. तिने पदर तोंडाला लावला.

"खोकलना व्हता का?"

मी आठवून पाहिलं. हो, खोकला होता. टेंभुर्णीपाशी, दोनदा.

"तठे चढ शे," ती म्हणाली. बसायला पाहिजे होतं त्याने, कोणी बसवलं नाही, असं काहीतरी पुटपुटली. मग पदराने डोळे पुसले, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "आखो एकदाव सांग."

जीप यायला अवकाश होता. मी पुन्हा महूपासून सुरू केलं.